पाक पाणी आणि पिण्याचे पाणी

२ ऑगस्ट २०१४. अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या टोलेडो शहरात रात्री दोनच्या सुमारास महापालिकेची सूचना निघाली: नळाचे पाणी पिऊ नका. त्यापुढची ओळ अधिकच गोंधळात टाकणारी होती: पाणी उकळूही नका, उकळल्याने ते जास्त घातक होईल.

सुमारे पाच लाख लोक त्या पाणीपुरवठ्यावर अवलंबून होते. सकाळ होईपर्यंत दुकानांतल्या पाण्याच्या बाटल्या संपल्या. लोक गाड्या काढून शेजारच्या मिशिगन राज्यात पाणी शोधत निघाले. गव्हर्नर जॉन केसिक यांनी आणीबाणी जाहीर केली आणि नॅशनल गार्डचे जवान पाणी वाटायला उतरले. हे शहर काही वाळवंटात नाही. ते ईरी सरोवराच्या काठावर आहे. उत्तर अमेरिकेतील ज्या पाच महासरोवरांत पृथ्वीच्या पृष्ठभागावरील गोड्या पाण्याचा सुमारे पाचवा हिस्सा साठलेला आहे, त्यांपैकी हे एक. समोर नजर पोहोचत नाही इतके पाणी, आणि प्यायला थेंब नाही!

रमजान ईद होऊन तेव्हा पाचच दिवस झाले होते. टोलेडोच्या परिसरात मुस्लिमांची जुनी वस्ती आहे. शेजारच्या पेरिसबर्गमधील मशिदीचा घुमट आणि मिनार महामार्गावरून जाणाऱ्याला दुरून दिसतात. मोठ्या माणसांना हात धुवायला हरकत नाही, पण या पाण्याने दातसुद्धा घासू नका, असे पालिकेने सांगितले होते. अशा वेळी नमाजी माणसाच्या मनात एक प्रश्न आपोआप येतो. या पाण्याने वुजू होईल का? आणि वुजूला चालत असेल, तर प्यायला का चालत नाही? या प्रश्नाकडे मी पुढे येणारच आहे. आधी त्या पाण्यात होते काय, ते पाहू.

उर्दूत काई, मराठीत शेवाळ. विहिरीच्या पायरीवर पाय घसरतो ते शेवाळ आपल्या ओळखीचे आहे. ईरी सरोवरात माजले होते ते मात्र 'नील-हरित शैवाल'. नावात शैवाल असले तरी ते खरे तर जिवाणू आहेत, सूर्यप्रकाशावर स्वतःचे अन्न बनवणारे. पृथ्वीच्या हवेत प्राणवायू भरण्याचे काम अब्जावधी वर्षांपूर्वी यांच्याच पूर्वजांनी सुरू केले, म्हणजे ते मुळात आपले शत्रू नाहीत. पण ऊन, संथ पाणी आणि भरपूर खाद्य या तीन गोष्टी एकत्र आल्या की त्यांची बेसुमार वाढ होते. पाण्यावर हिरव्या रंगाच्या डब्यासारखा जाड तवंग येतो, आणि त्यांच्यातल्या काही जाती विष तयार करतात. टोलेडोच्या पाण्यात सापडलेल्या विषाचे नाव मायक्रोसिस्टिन. ते यकृतावर घाव घालते.

उकळल्याने जंतू मरतात, हे आपण मुलांना शिकवतो आणि ते बरोबरच आहे. पण मायक्रोसिस्टिन हा जंतू नव्हे, तो एक रासायनिक पदार्थ आहे आणि पाण्याच्या उकळीने तो मोडत नाही. पाण्याची वाफ होते, विष भांड्यात राहते, म्हणजे उरलेल्या पाण्यात त्याचे प्रमाण वाढते. शिवाय उष्णतेने शेवाळाच्या पेशी फुटतात आणि आतले विषही पाण्यात उतरते.

किती विष म्हणजे जास्त? जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी सुचवलेली मर्यादा आहे एका लिटरला एक मायक्रोग्रॅम. वर्गात सांगावे तसे सांगतो. दहा हजार लिटरचे शंभर टँकर ओळीने उभे करा आणि त्या सगळ्यांत मिळून एक ग्रॅम पदार्थ मिसळा. झाली मर्यादा. २०१५ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने सहा वर्षांखालील मुलांसाठी याहून कडक आकडा सुचवला, लिटरला ०.३ मायक्रोग्रॅम. लहान मूल वजनाच्या मानाने पाणी जास्त पिते. बाटलीतल्या दुधावरचे बाळ तर जवळजवळ पाण्यावरच जगते.

हे केवळ कागदावरचे भय नाही. १९७९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पाम आयलंड या बेटावर, जिथे प्रामुख्याने आदिवासी राहतात, पाण्याला वास येतो अशी तक्रार झाली. उपाय म्हणून धरणात मोरचूद टाकले गेले. शेवाळ मेले, पण मरताना पेशींतले विष एकदम पाण्यात सुटले. जवळपास दीडशे लोक आजारी पडले, त्यांत बहुतेक मुले. पुढे १९९६ मध्ये ब्राझीलमधील कारुआरू शहरात एका डायलिसिस केंद्राला नीट शुद्ध न केलेले पाणी टँकरने पुरवले गेले. डायलिसिसमध्ये पाण्याचा आणि रक्ताचा संबंध फार जवळून येतो. शंभर रुग्णांची यकृते निकामी झाली आणि पन्नासहून अधिक माणसे दगावली. चीनमध्ये २००७ च्या मे महिन्याच्या अखेरीस ताई सरोवर असेच हिरवे झाले आणि वूशी शहरातल्या सुमारे वीस लाख लोकांच्या नळाला दुर्गंधी सुटली. तिथेही दुकानांतल्या बाटल्या संपल्या.

आता कळीचा प्रश्न: शेवाळाला खाद्य कोण घालते?

याचे उत्तर कॅनडातल्या एका प्रयोगाने १९७३ मध्येच दिले आहे. ओंटारियो प्रांतात केवळ संशोधनासाठी राखलेली काही सरोवरे आहेत. डेव्हिड शिंडलर या शास्त्रज्ञाने त्यांतल्या '२२६ क्रमांका'च्या सरोवराच्या मधोमध प्लास्टिकचा पडदा टाकून त्याचे दोन भाग केले. एका भागात कार्बन आणि नायट्रोजन घातले. दुसऱ्या भागात तेच दोन्ही, आणि शिवाय फॉस्फरस. पहिला भाग स्वच्छ राहिला, दुसरा हिरवागार झाला. विमानातून काढलेला त्याचा फोटो जगभर गाजला. विज्ञानाच्या पुस्तकात एखादे चित्र छापायचे असेल तर ते हे छापावे, म्हणजे पुढचे समजावून सांगावे लागणार नाही.

फॉस्फरस खतात असतो, शेणात आणि मैल्यात असतो, अनेक ठिकाणी कपडे धुण्याच्या पावडरीतही असतो. १९६० च्या दशकात ईरी सरोवराला लोक 'मेलेले सरोवर' म्हणू लागले होते. १९७२ मध्ये अमेरिका आणि कॅनडा यांनी करार केला, त्याच वर्षी अमेरिकेत स्वच्छ पाण्याचा कायदा झाला, सांडपाणी शुद्धीकरणावर पैसा लागला, पावडरींतला फॉस्फेट कमी झाला. सरोवर सुधारले. म्हणजे माणसाने मनावर घेतले की हे जमते, याचा पुरावा आहे. पण त्या कायद्यात एक मोठी फट राहिली. कारखान्याच्या नळीतून बाहेर पडणाऱ्या पाण्याला परवाना लागतो. शेतावरून पावसाबरोबर वाहून येणाऱ्या पाण्याला लागत नाही. टोलेडोजवळ सरोवराला मिळणारी मॉमी नदी मका आणि सोयाबीनच्या शेतांतून वाहत येते. तिच्या पाण्यातला बहुतांश फॉस्फरस खताचा आणि जनावरांच्या शेणाचा. १९९० च्या दशकानंतर शेवाळ परत आले आणि २०१४ मध्ये थेट नळापर्यंत पोहोचले.

४ ऑगस्टला बंदी उठली. महापौर मायकल कॉलिन्स यांनी पत्रकारांसमोर पेलाभर पाणी पिऊन दाखवले. पुढे शहराने जलशुद्धीकरणावर प्रचंड खर्च केला. कुणी भरला हा पैसा? पाणीपट्टी भरणाऱ्याने. ज्या वरच्या अंगाकडून फॉस्फरस आला तिथे मात्र बराचसा मामला स्वेच्छेचा आणि अनुदानाचा राहिला. संतापलेल्या टोलेडोकरांनी फेब्रुवारी २०१९ मध्ये मतदान घेऊन सरोवरालाच कायदेशीर हक्क दिले. सुमारे ६१ टक्के लोकांनी बाजूने कौल दिला. दुसऱ्याच दिवशी एक शेतकरी कुटुंब न्यायालयात गेले आणि वर्षभराने तो ठराव संदिग्ध म्हणून रद्द झाला. खालच्या गावाने कितीही मते दिली तरी वरच्या गावावर त्याची सत्ता चालत नाही, हा टोलेडोचा धडा आहे.

हा धडा मराठी वाचकाला, विशेषतः सोलापूरकराला, नकाशा न उघडता कळावा. पुणे शहर खडकवासल्याचे पाणी पिते, जे डोंगरातून येते. वापरून झालेले पाणी मुळा-मुठेत जाते. पिंपरी-चिंचवडचे पवनेत आणि इंद्रायणीत. आळंदीला इंद्रायणीवर तरंगणाऱ्या फेसाचे फोटो सगळ्यांनी पाहिले आहेत. या सगळ्या नद्या भीमेत येतात आणि भीमा उजनी धरणात. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या या धरणात सुमारे ११७ टीएमसी पाणी मावते, आणि त्यातला निम्म्याहून अधिक भाग मृतसाठा आहे. उथळ पसरलेले, उन्हात तापणारे, संथ पाणी. वरून दोन महानगरांचे सांडपाणी. काठाने मैलोन्‌मैल ऊस आणि उसाला खत. २२६ क्रमांकाच्या सरोवराचा फॉस्फरसवाला भाग आपण फार मोठ्या प्रमाणावर उभारून ठेवला आहे. उन्हाळ्यात उजनीच्या पाण्याला हिरवी कळा येते, त्याच्या बातम्या वारंवार छापून येतात. त्याच उजनीतून सोलापूरला पाणी मिळते, आणि तेच पाणी पुढे पंढरपूरला चंद्रभागा म्हणून वाहते. आळंदीहून माऊलींची पालखी ज्या गावाला जाते, तिथेच इंद्रायणीचे पाणीही जाते. वारकरी चंद्रभागेत स्नान करतो, सोलापूरचा मोमीन त्याच धरणाच्या पाण्याने वुजू करतो. पाण्यात शिरलेला फॉस्फरस कुणाचा धर्म विचारत नाही.

आता वुजूचा प्रश्न. मी आलिम नाही, शिक्षक आहे. फतवा देणे माझे काम नाही. पण फिकहच्या पुस्तकांतला पाण्याचा धडा मदरशात गेलेल्या प्रत्येक मुलाला माहीत असतो. पाण्याचे तीन गुण: रंग, वास, चव. नापाक वस्तू पडून यांतले काही बदलले तर पाणी नापाक. पण पाण्यात आपोआप उगवलेल्या शेवाळाने रंग बदलला, तर पाणी पाकच राहते. जुन्या फकीहांनी शेवाळाला ही सूट का दिली? कारण ते टाळता येत नाही आणि ते कुणी घातलेले नसते. वाळवंटातल्या मुसाफिराला तळ्यावर शेवाळ दिसले म्हणून त्याने वुजूशिवाय राहू नये, ही त्यामागची सोय.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, पाक असणे वेगळे आणि पिण्याजोगे असणे वेगळे. हे मी पदरचे सांगत नाही. सौदी अरेबियातील ज्येष्ठ उलमांच्या मंडळाने १९७८ मध्ये शुद्ध केलेल्या सांडपाण्याबद्दल निर्णय दिला, त्यात हाच भेद केला आहे. शुद्धीकरणाने रंग, वास, चव पूर्ववत झाली, आणि तशी ग्वाही जाणकार व प्रामाणिक तज्ज्ञांनी दिली, तर पाणी पाक. पण त्याने आरोग्याला इजा होणार असेल तर ते टाळावे. नापाक आहे म्हणून नव्हे, तर माणसाला अपाय होऊ नये म्हणून. मायक्रोसिस्टिन विरघळलेल्या पाण्याला रंग नसतो, वास नसतो, चवही नसते. जीभ, नाक, डोळे ही अल्लाहने दिलेली तिन्ही यंत्रे इथे थकतात. मग ग्वाही कुणाची? प्रयोगशाळेची.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. शेवाळ 'कुणी घातलेले नसते' ही अटच आज उरलेली नाही. उजनीतले किंवा ईरीतले शेवाळ खाऊ घालून पोसलेले आहे. पैगंबरांनी (स.) साचलेल्या पाण्यात लघवी करायला मनाई केली, ही शिकवण आपण मुलांना घोकून देतो. एका माणसाला जी मनाई आहे ती चाळीस-पन्नास लाखांच्या महानगराला नाही का? स्वतःला त्रास करून घेऊ नये आणि दुसऱ्याला देऊ नये हा शरीयतचा पायाभूत नियम आहे. नदीच्या बाबतीत त्याचा साधा अर्थ असा की वरच्या गावाने खालच्या गावाचा घोट नासवू नये.

यावर दोन आक्षेप नेहमी ऐकू येतात. पहिला: 'इथे काही दिवसांआड पाणी येते, आधी रोज पाणी द्या, मग शेवाळाचे बोला.' तक्रार रास्त आहे. पण पाणी रोज येत नाही म्हणून ते पिंपात, टाकीत साठवले जाते आणि घरातली बाई ते चार दिवस पुरवते. जे थोडे येते ते तरी निर्धोक असावे, ही मागणी चैनीची नाही. कमी पाणी आणि वाईट पाणी या दोन्हींचा मार एकाच घरावर पडतो.

दुसरा: 'घरी फिल्टर बसवा.' आरओ यंत्र हे विष बऱ्याच अंशी अडवते, हे खरे. ज्यांच्याकडे ते आहे, ज्यांच्या दारात जार येतो, त्यांचे भागेल. पण सार्वजनिक नळावर कळशी लावणाऱ्या बाईचे काय? शाळेच्या टाकीला तोंड लावणाऱ्या पोरांचे काय? मोहर्रममध्ये सबील लावणारा तरुण वाटसरूला सरबत देतो, तो त्या नळाच्या भरवशावर. पाणी पाजणे हा आपल्याकडे सर्वांत मोठा सदका मानला आहे. प्रत्येकाने आपापल्या घरापुरते पाणी विकत घेतले की नळाबद्दल बोलणारे आवाज कमी होतात, आणि ज्याला विकत घेता येत नाही तो एकटा पडतो. सुशिक्षित मध्यमवर्ग, त्यात आपला मुस्लिम मध्यमवर्गही आला, या बाबतीत फार लवकर गप्प झाला आहे.

मग मागायचे काय? शुद्धीकरण केंद्रात फक्त क्लोरीन वाढवून भागत नाही. क्लोरीनने पेशी फुटतात, आणि पुरेशा मात्रेत, पुरेसा वेळ न मिळाल्यास सुटलेले विष तसेच पुढे जाते. कार्बनची पूड वापरावी लागते. पाणी उचलताना वरचा तवंग टाळून खालच्या थरातून उचलता येते. त्यासाठी आधी मोजावे लागते. उन्हाळ्याचे महिने दर आठवड्याला धरणातल्या पाण्यात शेवाळ किती, विष किती, याची तपासणी व्हावी आणि आकडा जाहीर व्हावा. सोलापूर हे मराठी, उर्दू, कन्नड, तेलुगू बोलणारे शहर आहे; चारही भाषांत तो लागावा. शाळेच्या फळ्यावर लागावा, मशिदीच्या वुजूखान्याबाहेर लागावा. टोलेडोच्या पालिकेवर कितीही टीका करा, पण तिथे कुणीतरी मोजले होते आणि मध्यरात्री लोकांना उठवून खरे सांगितले होते. अर्धे काम तिथेच झाले.

उरलेले अर्धे काम वरच्या अंगाला आहे. सांडपाणी 'शुद्ध केले' असे सांगितले जाते तेव्हा विचारायला हवे: फॉस्फरस काढला का? साधी शुद्धीकरण केंद्रे तो पुरेसा काढत नाहीत. त्यासाठी वेगळी प्रक्रिया लागते, वेगळा खर्च लागतो. तो खर्च पाणी घाण करणाऱ्या शहराने करावा. शेतकऱ्याला आरोपी करून काही साधणार नाही. माती तपासून लागेल तेवढेच खत द्यावे, ओढ्याकाठी गवताचा पट्टा राखावा, यासाठी त्याला मदत हवी. खत वाचले तर त्याचाही पैसा वाचतो.

आणि आपणही कुणाच्या तरी वरच्या अंगाला आहोत. सोलापूर जिल्ह्यातले पाणी घेऊन सीना हत्तरसंग कुडलला भीमेला मिळते. तिथून भीमा कर्नाटकात शिरते, विजयपूर आणि कलबुर्गी जिल्ह्यांत जाते. त्या काठावरही कळशी घेऊन उतरणारी बाई आहे. पुण्याकडे बोट दाखवताना आपल्या गटारांचा हिशेबही मांडावा लागेल, नाहीतर आपल्या तक्रारीत जोर राहणार नाही.

येत्या जुम्याला मशिदीत वुजू करताना नळ बारीक सोडा, ही शिकवण जुनी आहे आणि चांगली आहे. वाहत्या नदीच्या काठीही पाणी उधळू नये असे आपल्याला सांगितले आहे. तिला आता एक जोड द्या. नमाजनंतर चार-पाच जणांनी मिळून पालिकेच्या पाणीपुरवठा विभागाला एक अर्ज लिहा: उजनीच्या पाण्यात शेवाळाचे विष तपासता का, शेवटचे कधी तपासले, आकडा किती आला? माहितीच्या अधिकारात अर्जाला दहा रुपये लागतात. मराठीत लिहायला अडचण असेल तर मोहल्ल्यातल्या कोणत्याही शिक्षकाला सांगा, तो लिहून देईल.